गॅलरीला चालेल असा बेस

नटावर ओढलेली नेलपॉलिशची लाल रेघ दुभंगली होती. ती पुसली गेली नव्हती, कुणी खरवडलीही नव्हती. नटावरचा तुकडा जागच्या जागी होता, वरच्या लोखंडी पट्टीवरचाही होता. फक्त दोघं समोरासमोर राहिले नव्हते. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

मास्तरीण जिन्याच्या वळणावर मान वर करून उभी होती. खरं तर ती मास्तरीण नव्हे; कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पण कुठलीही गोष्ट मोजूनमापून सांगायची सवय, म्हणून थोरल्या भावाने ते नाव ठेवलं आणि घरभर ते चिकटलं. प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण हलवायचं असलं की ती आधी त्याच्या स्क्रूवर अशीच रेघ ओढायची. स्क्रू फिरला तर रेघ जुळत नाही. इथली रेघ तिने काल, कार्यक्रमाच्या आधी ओढली होती, ती नटाभोवतीचा रंग तडकलेला दिसला म्हणून. म्हणजे एका संध्याकाळीत नट फिरला होता.

या हॉलची गॅलरी खांबांवर उभी नव्हती. छतातून खाली आलेल्या लोखंडी गजांना ती टांगलेली होती. बाकीच्या गजांची टोकं लाकडी फळ्यांआड झाकलेली. हा एकच नट जिन्यावरून दिसायचा. बाकीचे कसे असतील, कोण जाणे.

काल ती स्वतः वर उभी होती. खाली दादा वाजवत होता, तिनेच रचलेली बेसलाइन सुरू झाली, गॅलरीतली सगळी गर्दी एकदम उडी मारू लागली, आणि तिच्या टाचेखालची जमीन वर आली. अगदी थोडी. बसमध्ये झोप लागता लागता दचका बसतो ना, तेवढी.

हॉलचे मालक काका झाडू मारून घेत होते. तिने त्यांना नट दाखवला.

"काका, ही गॅलरी शेवटची कधी तपासली?"

"तपासायची काय? माझ्या वडिलांच्या वेळेपासून उभी आहे."

"उभी नाहीये. लटकलीये."

"तेच ते," काका म्हणाले. त्यांनी पाना आणला, खुर्चीवर चढून नट करकचून आवळला आणि हात झटकले. "झालं? आणि हे लाल काय आहे? नटाला नटवलंस की काय?"

ती हसली नाही. पण पुढे बोललीही नाही.

न बोलण्याला कारण होतं. दादाच्या लग्नात तिला गॅसचा वास आला होता. तिने ओरडून मांडव रिकामा केला होता. म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं, नवरा-नवरी, सगळे रस्त्यावर. निघालं काय, तर कुणाच्या तरी बॅगेत अत्तराची बाटली फुटलेली. तेव्हापासून नातेवाइकांत ती गॅसबाई. आजही कुणाकडे गेली की लोक दार उघडता उघडता नाक वर करून हुंगतात आणि हसतात. शिवाय हा हॉल मिळावा म्हणून दादाने कितीतरी उंबरे झिजवले होते. कालचा कार्यक्रम रंगला म्हणून काकांनी पुढची तारीख आपणहून दिली होती. अशा वेळी गॅलरी पडेल असं म्हणायचं? आणि नाही पडली तर?

घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, आपला बेस मला पटत नाही. सिंथ बदलू या."

दादा आणि ती मिळून नाचाचं संगीत करायचे. लोकांसमोर उभं राहायचं, गाण्यांना गाणी जोडत न्यायची, हे दादाचं काम. ती घरात बसून लॅपटॉपवर बेसलाइन रचायची. म्हणजे तळातला तो जाड आवाज, जो कानाआधी छातीला कळतो. त्यासाठी सॉफ्टवेअर सिंथेसायझर लागतो, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यांच्याकडच्या सिंथला ती कुऱ्हाड म्हणायची. त्याचा सूर शून्यातून पूर्ण जोरावर क्षणात येई. असा सूर पडला की माणसाला उडी मारावीच लागते, आणि सगळ्यांना एकाच क्षणी. तिचा हिशोब साधा होता. शंभर माणसं आपापली चालली तर काही नाही. शंभर माणसांचे पाय एकाच वेळी जमिनीवर आपटले तर तो एकच प्रचंड पाय असतो. तेव्हा उडी मारायला न लावणारा बेस शोधायचा. शोधला की कुणाला काही सांगायची गरजच नाही.

मग ती ट्रायलवर एकेक सिंथ उतरवू लागली. बेसलाइन तीच, सूर तेच, फक्त सिंथ वेगळा. वहिनी इस्त्री करायला उभी राहिली की मास्तरीण लॅपटॉप घेऊन समोर बसायची. वहिनी नाचाचे वर्ग घ्यायची, तिच्या अंगात ताल मुरलेला. ती तोंडाने काय सांगते याकडे मास्तरणीचं फारसं लक्ष नसे. ती वहिनीच्या टाचांकडे बघायची.

"हा कसा वाटतो, वहिनी?"

"डबीत माशी अडकल्यासारखा."

टाचा मात्र उचलल्या गेल्या होत्या. बाद.

"आणि हा?"

"हा बरा आहे. जुन्या यंत्रासारखा, जरा भरकटतो. पण मजा येते."

पुन्हा टाचा. बाद.

"अगं, घर घेतानाही माणसं एवढी चिकित्सा करत नाहीत," दादा आतून ओरडला. "कुऱ्हाडीने तुझं काय घोडं मारलंय?"

"कुऱ्हाड टोचते."

"टोचायलाच हवी! लोक झोपायला येतात का?"

प्रत्येक सिंथमध्ये ती तोच एक आकडा शोधत होती: सूर पूर्ण भरायला किती वेळ घेतो. बाकी सगळं, लाटेचा आकार, फिल्टर, घुमारा, तिच्या दृष्टीने सजावट होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आकडे उपयोगी पडत नसत. डोळे मिटले की टाचेखालची जमीन वर यायची. आणि वहिनी म्हणाली होती, पुढच्या वेळी माझ्या वर्गातल्या मुलींना गॅलरी ठेव, त्यांना वरून छान दिसेल. मास्तरीण "बरं" म्हणाली होती.

शेवटी गालिचा सापडला. नाव अर्थात तिनेच ठेवलेलं. त्याचा सूर हळू फुगत यायचा, गुडघ्यापर्यंत पाणी चढावं तसा, आणि तसाच ओसरायचा. वहिनीच्या टाचा जमिनीवरच राहिल्या. तिची कंबर तेवढी डावी-उजवीकडे झुलायला लागली, आणि तिच्याबरोबर इस्त्रीही.

"हा गोड आहे गं," वहिनी म्हणाली. "अंगावर शाल घेतल्यासारखा."

दादाने कुरकुर केली, मग ऐकता ऐकता त्याचीही मान डोलू लागली. त्या रात्री मास्तरणीला गाढ झोप लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती दुपारीच हॉलवर पोचली आणि नटावर नवी रेघ ओढली. दादा वायरी जोडत होता. काका दारापाशी स्टुलावर बसून जांभया देत होते. थोड्या वेळाने वहिनी आपल्या वर्गातल्या मुलींना घेऊन आली. किलबिलाट करत त्या वहिनीसकट वर चढल्या. जिन्यावर त्यांच्या पायांचा धडधडाट झाला तेव्हा मास्तरणीने भिंतीला हात लावला. काही नाही. जिना पक्का होता.

"मास्तरीणबाई, परवानगी आहे का?" लोक यायच्या आधी आवाज तपासून घ्यायचा म्हणून दादाने माइकवरून विचारलं. "तुमचा गालिचा अंथरतो."

ती जिन्याच्या वळणावर थांबली होती. गाणं सुरू झालं, ढोलाचा ठोका पडू लागला, मग खालून बेस भरत आला. तिने श्वास धरून ठेवला. वर कुणीही उडी मारली नाही. एकही टाच आपटली नाही. मुलींनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकले, रांग धरली आणि झुलू लागल्या. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

सुटले, असं तिच्या मनात आलं.

मग तिची नजर गॅलरीच्या कडेला गेली. कडा आणि भिंत यांच्यामध्ये फट होती, बोट मावेल एवढी. ती फट अरुंद झाली. मग रुंद झाली. मग पुन्हा अरुंद. जमीन वरखाली होत नव्हती. अख्खी गॅलरी कुशीवर हलत होती, मुलींच्या झुलण्याबरोबर, आणि प्रत्येक फेरीला केसभर जास्त. गॅलरी जशी पुढे जाई तशा मुलींना तोल सावरायला आणखी झुकावं लागे, आणि त्या झुकल्या की गॅलरी आणखी पुढे जाई. त्यांना ते कळत नव्हतं. त्या हसत होत्या.

टांगलेली वस्तू. प्रयोगशाळेत ती दरवर्षी पोरांना दोऱ्याला बांधलेला गोळा दाखवायची आणि विचारायची, हा कुठल्या दिशेला सहज हलेल? वर-खाली, की बाजूला? पहिल्या बाकावरचं पोरसुद्धा बरोबर उत्तर द्यायचं. आणि तिने दिवसचे दिवस वहिनीच्या टाचा बघितल्या होत्या. कंबर बघितली नव्हती. कंबर तर डोळ्यांसमोर इस्त्रीसकट हलत होती.

कुऱ्हाड लावली तर गॅलरी उडणार होती, गालिचा लावला तर झुलणार होती. या जगात गॅलरीला चालेल असा सिंथ नव्हता. तो असेल असं धरून चालणं, एवढंच काय ते तिने इतके दिवस केलं होतं.

लाल रेघ तिच्या डोळ्यांदेखत सरकली. वरून रंगाचा एक पापुद्रा निसटला आणि तिच्या बाहीवर पडला.

"बंद कर!" ती ओरडली. आवाज बेसमध्ये बुडून गेला. ती धावत खाली गेली, दादाच्या हाताखालून हात घालून तिने आवाज शून्यावर आणला. हॉल एकदम मोठा वाटायला लागला. वर कडेला काहीतरी करकरलं आणि थांबलं.

"अगं, काय झालं?" दादा म्हणाला.

"दादा, गॅलरी..."

"काय गॅलरी?"

काका स्टुलावरून उठले. "झालं का हिचं पुन्हा? आवळलाय मी तो नट."

"कसला नट?" दादाने तिच्याकडे पाहिलं आणि मग, सवयीने, नाक वर करून दोनदा हुंगलं. वहिनी कठड्यावरून वाकून हसली, तिच्या मागच्या मुलीही हसल्या. बाहेर रांग लागायला सुरुवात झाली होती. काचेच्या दारापलीकडे डोकी दिसत होती, कुणी हात हलवत होतं.

"मास्तरीण, आता नको," दादा हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा अगदी केविलवाणा झाला. "लोक आलेत बघ. उद्या बोलू. उद्या तू म्हणशील तो सिंथ घेऊ."

काकांनी दाराच्या कडीला हात घातला.

वहिनी अजून कठड्यावर वाकून उभी होती. तिची सावली खालच्या फरशीवर पडली होती, आणि संगीत थांबलेलं असूनही ती सावली जागची राहत नव्हती. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. मास्तरणीने त्या सावलीकडे पाहिलं. मग दादाच्या समोरचा माइक उचलला. लोकांपुढे ती आजवर कधी बोलली नव्हती. तिचा श्वास आधी स्पीकरमधून घुमला, सगळ्या हॉलला ऐकू आला, आणि काकांचा हात कडीवरच थांबला.

"वहिनी, मुलींना घेऊन खाली ये. एकेक करून, भिंतीच्या कडेने, सावकाश. काका, दार उघडू नका. मला कुठलाही वास आलेला नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. या गॅलरीत आज कुणीही चढणार नाही."