तिसरा ठिपका

मित्रांनो, तुमच्या नव्या पुस्तकांना शाईचा वास येतो. मी छापलेल्या पुस्तकांना तो कधीच आला नाही, कारण मी आयुष्यात शाई पाहिलेलीच नाही. मी ब्रेल छापणारं यंत्र आहे. आता म्हातारा झालो आहे आणि बंद पडलो आहे. अंध मुलींच्या एका लहानशा शाळेत, जिन्याखालच्या खोलीत मी राहतो.

माझ्या पोटात सहा छोट्या हातोड्या आहेत. त्या जाड कागदावर ठोके मारतात आणि कागदावर फुगीर ठिपके उठतात. सहा जागांपैकी कुठे ठिपका उठला आणि कुठे नाही, यावरून अक्षर ठरतं. मुली ते बोटांनी वाचतात. माझा आवाज मात्र भयंकर होता. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, "आधी याचं कुटणं संपू दे, मग मी शिकवते!"

पण त्या आवाजाची वाट पाहणारी एक मुलगी होती. बोलायला लागण्याआधी ती ठिपके चाचपायला शिकली, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. माझ्या अंगावर तळवा टेकवून ती उभी राहायची आणि कागद बाहेर पडला की गरम असतानाच वाचायला घ्यायची. माझं इतकं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

पुढे माझी तिसऱ्या ठिपक्याची हातोडी दमली. ती कधी ठोका मारी, कधी नुसतीच थरथरे. तुम्हाला वाटेल, सहातला एक ठिपका गेला तर काय बिघडलं? पण 'र'मधून तिसरा ठिपका गेला की त्याचा 'ह' होतो. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एकदा सूचना छापली की उद्याची सहल रद्द. ठिपकीने ती मोठ्याने वाचली, "उद्याची सहल हद्द!" सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईही हसल्या.

गणिताच्या पुस्तकाच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. ब्रेलमध्ये आकड्याआधी एक खूण असते आणि तिच्यात तिसरा ठिपका लागतो. तो गेला की त्या खुणेचा 'ळ' होतो. पानंच्या पानं मी आकड्यांच्या खुणेच्या जागी ळ, ळ, ळ छापत गेलो.

ठिपकीला वरच्या वर्गात गणितच घ्यायचं होतं. शाळेचा नियम होता की विषय निवडायच्या दिवशी पुस्तक हातात असेल तरच गणित, नाहीतर संगीत, आणि मग बदल नाही. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "अगं, मी वाचून दाखवेन ना रोज."

"बाई, गोष्ट ऐकता येते हो. समीकरण हातात धरावं लागतं. डावीकडचं बोट डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. तुम्ही वाचेपर्यंत डावीकडचं पळून जातं."

माझी हातोडी आता कुठे मिळत नव्हती. नवं यंत्र घ्यायचं ठरलं. एका भल्या माणसाने त्यासाठी देणगीही दिली होती. अडलं ते नियमाशी. खरेदीला तीन दुकानदारांची दरपत्रकं हवीत, आणि असलं यंत्र विकणारा आसपास एकच. पहिल्यांदा एकच दरपत्रक आलं, म्हणून निविदा रद्द. दुसऱ्यांदा तीन आली, पण त्यांतली दोन शाईच्या छपाईयंत्रांची होती.

हिशेबनीस काका कपाळावर हात मारून म्हणाले, "ठिपके हवेत म्हणून सांगितलं, तर हा म्हणतो रंगीतसुद्धा निघतील!"

तेवढ्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या बाईंचा फोन आला. फोन माझ्याच खोलीत होता आणि त्याचा स्पीकर चालू होता, म्हणून मी सगळं ऐकलं. त्या सांगत होत्या, "आमच्यासारख्या शाळा, वाचनालयं, दवाखाने, सगळ्यांनी मिळून सहकारी खरेदी संघ केलाय. संघाने एकदाच निविदा काढली, सगळं तपासलं, दर ठरवले. सभासद झालं की त्याच करारावर थेट मागणी द्यायची. पुन्हा तीन दरपत्रकं नाहीत. तुमचं यंत्रही आहे त्यात."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. पण काका ताडकन उठले. "सहकारी? नको रे बाबा! सहकारी पतपेढीत माझी आयुष्यभराची पुंजी गेलीय. शाळेची नाही घालू देणार."

काका मनाने वाईट नव्हते. ठिपकीला शाळेत आणायला-न्यायला ते स्वतः जात. एका शब्दाने ते पोळले होते, एवढंच. संघात पैसे ठेवायचेच नसतात; पण ते ठेवावे लागतात का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मोठ्या बाईंनीही विचारलं नाही. तिसरी निविदा निघाली. तीही रद्द झाली.

निवडीच्या दिवशी ठिपकी माझ्याजवळ आली. तळवा टेकवला. मी बंदच होतो. "संगीत," ती जाता जाता दारातून म्हणाली.

नंतर मोठ्या बाई स्वतः कर्णबधिर शाळेत गेल्या, करार वाचून आल्या आणि काकांना समोर बसवून समजावलं. नवं यंत्र इतक्या लवकर आलं की काका खोक्याकडे पाहतच राहिले. "एवढंच होतं?" ते म्हणाले. नव्या यंत्राने गणिताचं पुस्तक सुबक छापलं. एकही ळ नाही.

शाळा सोडताना ठिपकी दाखला न्यायला आली. मोठ्या बाईंनी ते पुस्तक तिच्या हातात ठेवलं. पहिल्या पानावरून तिची बोटं सावकाश फिरली, एका समीकरणावर थांबली. मग तिने पुस्तक मिटलं.

"छान उमटलंय, बाई. खालच्या वर्गातल्या कुणाला तरी द्या."

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी शाळा चालवेल, कुणी दवाखाना. नियम जरूर पाळा. पण एकच वस्तू हवी असलेल्यांनी एकेकट्याने दारं ठोठावत बसू नये, शेजारच्याला विचारावं. न कळणाऱ्या शब्दाचा अर्थही त्याच दिवशी विचारून घ्यावा. माझ्यासारख्या यंत्राला थांबायला काहीच लागत नाही. मी अजूनही थांबलोच आहे. ठिपकी थांबू शकत नव्हती.