वाकड्या विटांची ओळ

गावाच्या कडेची ती एकाला एक चिकटलेली घरं वीटभट्टीच्या मालकाने कामगारांसाठी बांधली होती, आणि तीही भाजताना वाकड्या झालेल्या, कुणी विकत न घेतलेल्या विटांची. मालक असा चिक्कू! दोन घरांत मिळून एक भिंत, सगळ्यांवर मिळून एक छप्पर. पुढे भट्टी बंद पडली, घरं राहणाऱ्यांची झाली आणि जो तो हात धुऊन आपल्या घराच्या मागे लागला. कुणी गिलावा केला, कुणी फरशी बसवली, कुणी खिडकी मोठी केली. हे सगळं करून दिलं ते शेवटच्या घरातल्या गवंड्याने. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र कधी मुहूर्त लागला नाही. "बघू उद्या," म्हणायचा. बायकोचं बोलून बोलून तोंड दुखलं.

मागच्या महिन्यात तो गेला. तिला रडू आलं नाही. लोक भेटायला आले, तिने चहा केला, कपबश्या विसळल्या. दात काढल्यावर गाल होतो तसं आतून सगळं बधिर. एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं, की या घरातून हलायचं नाही.

ओळ पाडायची की जपायची हे ठरवायला नगरपालिकेचा अधिकारी आला. घराघरांत डोकावून नाक मुरडत शेवटी तो तिच्याकडे पोहोचला आणि उघड्या विटांवर हात फिरवत थबकला.

"काकू, बाकीच्यांत जुनं काही उरलंच नाही. ती पाडावी लागतील. हे मात्र तस्संच आहे. याला टेकू देऊन आम्ही जपणार."

शेजारीण दारातूनच ओरडली, "वहिनी, सुटलात हो! तुमचं वाचलं!"

"म्हणजे मी इथंच राहायचं ना?" तिने विचारलं.

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "राहता नाही यायचं. हे लोकांना बघायला ठेवायचंय. तुम्हालाही सगळ्यांबरोबर नव्या इमारतीत खोली मिळेल. खाट, चूल, भांडी इथंच असू द्या. पुढे दोरी बांधू, कुणी हात लावणार नाही. आणि वाटलं तर दिवसा येऊन बसत जा, लोकांना जुनं काहीबाही सांगा."

तिला नवऱ्याचा भयंकर राग आला. मेल्याने एक खिडकी जरी मोठी केली असती, तर तीही चारचौघींसारखी घर पडलेली बाई झाली असती. स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून यायची पाळी आली नसती. महिन्याभरात तिला पहिल्यांदा काही वाटलं, ते हे.

अधिकाऱ्याला तिने एवढंच विचारलं, "मी दोरीच्या आत बसू, की बाहेर?"