पाचव्या वर्गाची बायको

जर्मनीत हागेनला आल्यावर नवव्या दिवशी झुराबने माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि मी त्यावर न वाचता सही केली. चूक माझी, हे आधीच कबूल करते. कुताइसीच्या इस्पितळात मी अकरा वर्षं मुख्य परिचारिका होते. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध दोनदा वाचल्याशिवाय पेशंटच्या तोंडात घातलं नाही कधी. पण आम्हा जॉर्जियन बायकांची गोष्टच वेगळी. नवऱ्याने पुढे केलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, आणि मी तर नवी नवरी होते.

"कसला आहे?" एवढं मात्र मी विचारलं.

"कराचा. इथे लग्न झालं की वर्ग निवडावा लागतो. नवऱ्याचा तिसरा, बायकोचा पाचवा. सगळे असंच करतात, खातुना. पाचवा बायकांचाच असतो."

झुराब सहा वर्षं आधीपासून तिथे होता. लोखंडाच्या वखारीत क्रेन चालवायचा. मला वाटलं, त्याला माहीत असणार. त्याला माहीत होतंच, तीच तर गोष्ट आहे.

मला वृद्धाश्रमात काम मिळालं. परिचारिकेचं नाही, मदतनिसाचं. माझी पदवी तिथे मान्य व्हायला आणखी एक परीक्षा लागणार होती, आणि परीक्षेच्या वर्गाची फी भरायला पैसे. पहिला पगार हातात आला तेव्हा वाटलं, हिशेबात चूक झाली असेल. झुराब म्हणाला, "चूक कसली? मदतनिसाला एवढाच मिळतो." त्याचा घरात एक नियम होता. भाडं, वीज, जेवणखाण अर्धं अर्धं, आणि उरेल ते ज्याचं त्याचं. त्याचं उरायचं ते तिकडे जॉर्जियात झेस्ताफोनीला जायचं, तिथे त्याच्या आईसाठी दुमजली घर उठत होतं. माझं काही उरायचंच नाही. परीक्षेचा विषय काढला की म्हणायचा, "आधी पगार बघ, मग स्वप्नं बघ."

उन्हाळ्यात त्याची आई आली. आमच्या लोकांना व्हिसाशिवाय तीन महिने राहता येतं आणि लामारा सासूबाई त्यातला एक दिवससुद्धा वाया घालवत नसत. रविवारी पाहुणे जमले की त्यांची जीभ सुटायची.

"माझ्या लेकाने काय काय करायचं?" त्या चीज भरलेल्या खाचापुरीचे तुकडे वाढता वाढता म्हणायच्या. "घर बांधायचं, बायको पोसायची. सूनबाई कमावतात म्हणे. अहो, त्यांच्या पगारात कोंबडी येत नाही, पिसं येतात."

सगळे हसायचे. झुराबही हसायचा, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "असू दे आई, शिकेल हळूहळू."

मी ताटं उचलून स्वयंपाकघरात जायचे. तीनही महिने, दर रविवारी गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला त्या वर्षी कळलं.

मार्चमध्ये दानुताने माझी पगाराची चिठ्ठी पाहिली. दानुता पोलंडची, माझ्याच पाळीत, तेच काम, तेवढेच तास. बदलायच्या खोलीत बाकावर चिठ्ठी पडली होती, तिने उचलली आणि आपली तिच्याशेजारी धरली. वरचा आकडा दोघींचा सारखा. खालचा, म्हणजे हातात येणारा, माझा तीनशे युरोंनी कमी.

"तू पाचव्या वर्गात आहेस, वेडे," ती म्हणाली. "नवरा तिसऱ्यात असेल. त्याचा कर तुझ्या पगारातून कापतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या पगारातले फुगलेले पैसे तुझे आहेत. घरात पैशांचा एकच डबा असेल तर काही बिघडत नाही. एकच आहे ना तुमचा?"

मी बूट घालायला वाकले आणि नाडी इतकी ओढली की ती तुटली. तीनशे युरोंसाठी नाही. तो हसायचा म्हणून. सासूबाईंना काय ठाऊक, त्या आपल्या लेकाचं कौतुक करत होत्या. पण हा? आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर आयजीलाच हसणार!

त्याच क्षणी मी ठरवलं. पैसे परत मिळाले तर मिळोत, पण मला दुसरंच काही हवं होतं. घर कोणाच्या पैशातून उठलं हे झुराबने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आईसमोर, त्याच टेबलावर सांगायला हवं होतं. नुसतं विचारलं असतं तर हसला असता. नाक दाबल्याशिवाय त्याचं तोंड उघडणार नव्हतं.

मे महिन्यात नाक आपण होऊन माझ्या हातात आलं. मागच्या वर्षाच्या कराचं विवरणपत्र भरायचं होतं, माझं तिथलं पहिलंच. झुराबने दोघांचं मिळून एकच भरलं, स्वतः सही केली आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"शेवटच्या पानावर सही कर."

"वाचून करते."

"वाचून?" तो हसला. "बरं बाई, वाच. उद्या टाक पोस्टात."

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन करदात्यांना मदत करणाऱ्या एका संघटनेत गेले. वर्गणी भरून सभासद झाले. टेबलामागे ब्रोकमायरबाई होत्या. साठीच्या, केस अगदी बारीक कापलेले, समोर थर्मास. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि बोट एका चौकोनावर ठेवलं.

"इथे खूण केली तर दोघांचा कर एकत्र. इथे केली तर वेगवेगळा. दोघांतल्या एकाने जरी वेगळा मागितला तरी दोघांचा वेगळा होतो."

"मी वेगळा मागितला तर?"

त्यांनी आकडे टाकले. मला साडेतीन हजारांच्या वर परत मिळणार होते आणि झुराबला जवळजवळ चार हजार भरावे लागणार होते.

"पण दोघांचं मिळून नुकसानच आहे," त्या म्हणाल्या. "सरकारला थोडं जास्त जाईल. आणि एक सांगते, हे माझं काम नाही तरी. नवरा वकिलाकडे गेला तर तुम्हाला बहुधा एकत्र करायला संमती द्यावी लागेल. वर्षभर एका घरात राहिलात ना?"

"वकील काय म्हणेल?"

"हेच, की बायकोचा जास्त कापला गेलेला कर हा तिने संसाराला लावलेला हातभार होता."

मी खुर्चीत सरळ बसले. "असं लिहून देतील? कागदावर?"

"लिहावंच लागतं. त्याशिवाय मागणीला आधार काय?"

"मग वेगळाच भरा," मी म्हणाले.

ब्रोकमायरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, थर्मासमधली कॉफी ओतली आणि काही न विचारता माझं विवरणपत्र वेगळं भरलं. झुराबचं मी बाहेर येऊन पेटीत टाकलं, माझ्या सहीशिवाय. संध्याकाळी त्याने विचारलं, "टाकलंस?" मी म्हणाले, "टाकलं." खोटं बोलले नाही.

ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. घरावर छप्पर चढलं होतं, फोनमध्ये फोटोच फोटो. लाल पत्रा, त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा टिनचा कोंबडा. वर्षभर मी भाजीत मीठ मोजून टाकलं आणि तिकडे कोंबडासुद्धा चढला होता. त्याच आठवड्यात कर कार्यालयाचं पत्र झुराबच्या हातात पडलं. तो दारातच उभा राहून वाचत होता आणि त्याचे कान लाल होत गेले.

"खातुना! तू काय केलंस हे?"

"वाचून सही केली."

"चार हजार! मी चार हजार कुठून आणू? सगळे छपरात गेलेत!"

"मग छप्पर विक."

आईच्या कानावर जाऊ नये म्हणून तो कुजबुजत भांडत होता, आणि कुजबुजत भांडणाऱ्या माणसाला जोर चढत नाही. त्याने समजावलं, धमकावलं, दोन दिवस बोलणं टाकलं. मी रोज सूप वाढत होते आणि कर एकत्र करायला रोज नाही म्हणत होते. हरकत घ्यायला एक महिन्याची मुदत होती. दहा दिवस उरले तेव्हा तो वकिलाकडे गेला.

वकिलाचं पत्र माझ्या नावाने आलं, आमच्याच पेटीत, ज्यावर आम्हा दोघांची नावं होती. झुराबनेच ते चार मजले चढून वर आणलं आणि माझ्या उशीवर ठेवलं. नवऱ्याने बायकोला वकिलामार्फत पत्र पाठवावं आणि पोस्टमनही स्वतःच व्हावं, असा संसार. मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. ब्रोकमायरबाई म्हणाल्या होत्या त्याहून छान लिहिलं होतं. मी ते घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि रविवारसाठी अक्रोड कुटायला बसले.

रविवारी दुपारी छपराची मेजवानी होती. चौदा माणसं, तीन टेबलं जोडून एक केलेलं, अक्रोडाच्या रसातली कोंबडी, वांगी, दोन डबे वाइन. डॉर्टमुंडहून झुराबचा वालिकोमामा आला होता. मेजवानीत वालिकोमामा असला की तामादा तोच, म्हणजे कोणाच्या नावाने प्यायचं ते तो ठरवणार आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कोणी पेल्याला तोंड लावणार नाही. देवासाठी झालं, गेलेल्यांसाठी झालं. मग त्याने शिंग भरलं, वाइन पिण्याचं, चांदीच्या काठाचं, आणि उठून उभा राहिला.

"आता घर बांधणाऱ्या हातांसाठी! आमच्या झुराबसाठी, ज्याने परक्या देशात घाम गाळून आईच्या डोक्यावर छप्पर घातलं!"

सासूबाईंनी डोळे टिपले. "आणि एकट्याने हो, वालिको," त्या म्हणाल्या. "एकट्याने. कोणाचा हात नाही लागला."

मी दारात कोंबडीचं भांडं घेऊन उभी होते. झुराब खाली बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात तेच जुनं हसू. सहा दिवसांपूर्वी वकिलाला सांगून आलेला माणूस हसत होता! मी भांडं खाली ठेवलं.

"वालिकोमामा, अलावेर्दी मला द्या."

अलावेर्दी म्हणजे चालू असलेला विषय पुढे बोलायचा मान. तो तामादा देतो, मागायचा नसतो, आणि बाईने तर नाहीच. पण कोणी सर्वांसमोर मागितलाच तर नाकारणं हा मेजवानीचा अपमान. वालिकोमामाने एकदा झुराबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"घे मुली," तो म्हणाला. "अलावेर्दी खातुनाकडे. उभे राहा सगळे."

पुरुष उभे राहिले. झुराबही राहिला. मी एप्रनमधून पत्र काढलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला भाषण येत नाही," मी म्हणाले. "म्हणून झुराबने माझ्याविषयी जे लिहून घेतलंय तेच वाचते. जर्मनमध्ये आहे, आपल्या भाषेत सांगते." आणि मी एकेक वाक्य सावकाश सांगितलं. "माझ्या अशिलाला दरमहा मिळालेली वाढीव रक्कम त्याच्या पत्नीच्या पगारातून जास्त कर कापला गेल्यामुळे मिळाली. पत्नीने हा भार संसारासाठी उचलला. ही रक्कम माझ्या अशिलाने झेस्ताफोनी येथील घराच्या बांधकामात घातली असल्याने ती आता परत करणं त्याला शक्य नाही. खाली झुराबच्या वकिलाची सही आहे. तर घर बांधणाऱ्या हातांसाठी!"

कोणी प्यायलं नाही. सासूबाई बसल्या जागेवरून लेकाकडे बघत होत्या.

"हे काय वाचतेय ही? झुराब? खरं आहे का हे?"

तो माझ्याकडे वळला. "खातुना," दबक्या आवाजात म्हणाला, "पाहुणे गेल्यावर बोलू."

"तू खोटं आहे म्हण," मी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चौदा साक्षीदार आहेत. मी उद्या वकिलाला कळवते की त्याचा अशील म्हणतो हे सगळं खोटं आहे. मग एकत्र कराला मी सही करायचा प्रश्नच मिटला. मुदत गुरुवारपर्यंत आहे."

झुराबने पेला टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला. वालिकोमामा छताकडे बघत होता. मी झुराबला घाई केली नाही. वर्षभर थांबले होते, आणखी थांबले असते.

"खरं आहे, आई," तो म्हणाला.

"किती?"

"आई..."

"किती विचारतेय मी!"

"छपराचे सगळे."

वालिकोमामाने घसा साफ केला आणि शिंग वर उचललं. "खातुनासाठी," तो म्हणाला. मग एकेक करून सगळे म्हणाले आणि प्याले. झुराबलाही प्यावं लागलं. टोस्ट अर्धा सोडणारा माणूस आमच्यात पुन्हा टेबलावर बोलावला जात नाही. त्याने माझ्या नावाने पेला तळापर्यंत रिकामा केला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि प्रत्येक घोट मला त्याच्या गळ्यात उतरताना दिसत होता.

सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या झुराबकडे बघत होत्या, आणि ती नजर मी ओळखली. गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर असायची तीच होती.

सोमवारी मी कर कार्यालयात जाऊन एकत्र कराच्या कागदावर सही केली. तेवढा पदराला खार लावून घेतला, कारण मला हवं होतं ते मिळालं होतं. त्याच खेपेत दोघांचे वर्ग सारखे करायचा अर्ज ठेवला आणि परीक्षेच्या वर्गात नाव घातलं. झुराब बाहेर गाडीत वाट बघत होता. परतताना रस्ताभर त्याचे डोळे पाणावलेले होते. मला दया यायला हवी होती, चारचौघींना आली असती. नाही आली. मी खिडकीची काच खाली केली आणि त्याला म्हटलं, जरा हळू चालव, मला हे सगळं नीट बघायचंय.