पहिलं पान फुकट

बाळारामकाकांच्या दुकानात पुस्तक विकत घ्यायचं तर आधी ऐकावं लागतं. तशी पाटी वगैरे लावलेली नाही, पण भाईंदर पश्चिमेत ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तुम्ही कपाटातून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलंत की काका ते उघडतात आणि पहिलं पान मोठ्यानं वाचतात. पान संपलं की पुस्तक मिटून तुमच्याकडे बघत गप्प बसतात. तुम्ही "मग पुढं?" असं विचारलंत तर पुस्तक खाकी कागदात बांधून मिळतं. नाही विचारलंत तर ते परत कपाटात. एकदा एका गृहस्थांना लग्नात भेट द्यायला जाडजूड पुस्तक हवं होतं. पान ऐकताना त्यांना जांभई आली, तर काकांनी ते विकलंच नाही. "तुला न्हाय आवडलं, मंग दुसऱ्याला कशाला देतंस?" म्हणाले. गृहस्थ शेवटी डिनर सेट घेऊन लग्नाला गेले असणार.

"पहिलं पान फुकट," असं काकांचं म्हणणं. "दुसऱ्या पानाला पुस्तक घ्यावं लागतं."

काका इथल्याच मोरवा गावचे. त्यांचे भाऊ अजून होडी काढतात, हे एकटेच पुस्तकांत पडले.

मी संघप्रिया. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी वर्गात धडा वाचायला उभं केलं की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. मग चौदा एप्रिल आला. त्या दिवशी आमच्या घरी नवीन कपडे नसले तरी चालतात, पण पप्पा आम्हाला घेऊन काकांकडे पुस्तकं घ्यायला जातातच. आमच्या पुढे एक आजोबा होते. काकांनी त्यांचं पुस्तक उघडलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि पुस्तक सरळ माझ्या हातात दिलं.

"तू वाच, पोरी. मोतीबिंदू झालाय मला. अक्षरं आज एकमेकांच्या अंगावर बसल्यात."

मी वाचलं. दोनदा अडखळले, पण पान संपलं. आणि ते आजोबा, जे माझे कुणी लागत नव्हते, माझ्याकडे बघून म्हणाले, "मग पुढं?"

तुम्हाला कुणी अनोळखी माणसानं असं कधी विचारलंय का? मला त्याआधी कुणी पहिलं पानही विचारलं नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी पहिलं पान मी वाचायला लागले. जुलैत शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले. पहिली यायला हवं होतं, पण तो वेगळा विषय. आई म्हणते, आता या पोरीला आवाज कमी करायचं बटण शोधायला हवं.

पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली. लोक पान मन लावून ऐकायचे आणि ऐकता ऐकता खाली मोबाईलमध्ये काहीतरी करायचे. एका शनिवारी बाजूच्या बिल्डिंगमधले एक अंकल माझं पान अर्ध्यावर असतानाच म्हणाले, "बस बस बेटा, मिल गया." त्यांना ई-बुक सापडलं होतं. माझ्यासमोर, माझ्याच आवाजावर, त्यांनी ते मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. वर, जाताना मला शाबासकीही दिली.

मी चिडले. काका नाही चिडले. "दुसरं पान मिळालं ना त्याला? मंग झालं," म्हणाले, आणि खाकी कागदाची गुंडाळी परत खणात ठेवली.

ऑक्टोबरात हितेशदादा आला. हा काकांचा मुलगा, मोबाईल रिपेअर करतो. त्याचं दुकान बेव्हर्ली पार्कला भाड्याच्या गाळ्यात होतं आणि ती बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली होती.

"बाबा, एक तारखेला सामान आणतोय," तो म्हणाला. "तुमचं एक कपाट मागं ठेवू. बाकीचं न्यायला रद्दीवाल्याला सांगितलंय."

"बरं," काका म्हणाले.

"बरं काय, काका?" मी म्हणाले. माझं बटण सापडलेलं नव्हतंच.

"मंग काय बोलू? दुकानाचा गाला त्याचापन हाय."

हितेशदादानं माझ्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"मी वाचते. पहिलं पान."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्याला पुस्तक घ्यावं लागतं."

"घेतं का कुणी?"

मी काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे बघत होते.

"मी लोक आणले तर?" मी म्हणाले.

"आण की. एक तारखेपर्यंत इथं पाय ठेवायला जागा उरली नाही, तर मी रस्त्यावर टेबल टाकून बसतो." चिडवत होता, पण वाईट नव्हता तो. दुकान जात असलेला माणूस दुसऱ्याचं दुकान घ्यायला आला होता, एवढंच. तरी ती चार भिंतींची पुस्तकं रद्दीत जाणार म्हटल्यावर मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. म्हणजे एक पोळी कमी गेली.

दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं. लोक दुकानात येत नाहीत, तर पहिलं पान लोकांकडे पाठवायचं. माझी मैत्रीण नेत्रा हिच्या मोबाईलवर मी एका नव्या गाजलेल्या कादंबरीचं पहिलं पान रेकॉर्ड केलं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. काय प्रतिसाद आला म्हणून सांगू. हात जोडलेले, गुलाबाची फुलं, "बहुत प्यारी आवाज", "कुणाची मुलगी ही?" पप्पा दिवसभर ग्रुपवर "माझी" असं लिहीत होते.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नालीवहिनींनी खाली लिहिलं, "किती छान वाचलंस गं. सगळ्यांसाठी ई-बुकची लिंक टाकते." आणि टाकली. लिंकला माझ्यापेक्षा जास्त फुलं मिळाली.

"तू त्यांचं काम सोपं केलंस," नेत्रा म्हणाली. ती नेहमी खरं बोलते, म्हणून तिला दुसरी मैत्रीण नाही.

मग आम्ही दोघी काकांच्या मागच्या कपाटात शिरलो. तिथं जुनी पुस्तकं होती, पिवळी पडलेली, काहींचे छापखानेही बंद झालेले. एकेक पुस्तक काढायचं, नेत्रानं मोबाईलवर शोधायचं, ई-बुक निघालं की परत ठेवायचं. दीड तासानंतर एक सापडलं जे कुठंच नव्हतं. पाठीचं कव्हर उंदरानं खाल्लेलं. त्याचं पहिलं पान असं होतं, की सर्कस गावात आलीय आणि सकाळी तंबूत हत्तीण नाही. साखळी तुटलेली नाही, नीट काढून ठेवलेली आहे. मातीत पाऊल एकही नाही. सगळे राखणदाराला धरतात, तर तो म्हणतो, "मी तिला जाताना बघितली. पण ती एकटी नव्हती." पान संपलं.

मी ते दोन कपाटांच्या फटीत उभं राहून रेकॉर्ड केलं, कारण बाहेर रिक्षांचे हॉर्न. जीव ओतून वाचलं. राखणदाराला तर मी वेगळा आवाज दिला.

ते पसरलं. इतकं पसरलं की चार दिवसांनी नालासोपाऱ्याच्या मामीनं ते आईलाच पाठवलं, "ऐका, किती गोड मुलगी आहे" असं लिहून, स्वतः न ऐकताच. काकांनीही हितेशदादाला पाठवलं. मी शनिवारची वाट बघत बसले. शनिवारी एक बाई आल्या आणि त्यांनी खोडरबर मागितला.

पुढच्या शनिवारी तेवढंही नाही. नेत्रानं कंटाळून रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि मध्येच थांबवलं.

"संघू, यात दुकानाचं नाव कुठंय?"

मी ऐकलं. सुरुवातीला होतं, "नमस्कार, मी संघप्रिया रवी खिल्लारे, इयत्ता दहावी ब, वक्तृत्व स्पर्धा द्वितीय क्रमांक." शेवटी होतं, "आवाज, संघप्रिया रवी खिल्लारे." मध्ये हत्तीण होती. दुकान कुठंच नव्हतं. भाईंदरचं नावही नव्हतं.

आता तो आवाज कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये होता काय माहीत. त्याला मागून धावत जाऊन पत्ता चिकटवता येत नाही. एक तारीख दोन दिवसांवर होती. मी काकांना सांगितलं तेव्हा माझा आवाज परत पहिल्या बाकाच्याही अलीकडे गेला होता. काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"नाव मात्र झॅक घेतलंस हां, पोरी," ते म्हणाले.

एक तारखेला शाळा सुटल्यावर मी गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. दुकानात पुढं हितेशदादाचं काचेचं काउंटर आलं होतं. भिंती उघड्या पडल्या होत्या. पुस्तकं गोणपाटाच्या पोत्यांत भरून, सुतळीनं तोंडं बांधून, ओळीनं ठेवली होती. काका त्यातल्याच एका पोत्यावर बसले होते. मी दुसऱ्यावर बसले.

हितेशदादा एका मोबाईलचं काम संपवत होता. स्क्रू बसवला, मोबाईल चालू केला, स्वतःच्या मोबाईलवरून काहीतरी त्यावर पाठवलं आणि लावलं. स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "नमस्कार, मी संघप्रिया रवी खिल्लारे."

मी उठून उभी राहिले.

"तूच ना ही?" तो म्हणाला. "स्पीकर तपासायला गाणं लावलं की आवाज फाटलाय का गाणंच तसलं आहे ते समजत नाही. तुझं कसं, अक्षर न अक्षर वेगळं. पंधरा दिवस हेच लावतोय." मग त्याचा चेहरा वैतागला. "पण डोकं खाल्लंय लोकांनी. जो मोबाईल घ्यायला येतो तो विचारतो, हत्तीण कुठं गेली. मी म्हणतो, मला काय माहीत? एक माणूस स्टेशनपर्यंत जाऊन परत आला, हत्तिणीचं विचारायला. आता बोल, कुठं गेली?"

मी तोंड उघडलं, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं. ते हितेशदादाकडे बघत होते, तसंच, पान संपल्यावर गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"म्हंजे, मंग पुढं, असं बोलतंस ना तू?" काकांनी विचारलं.

"हो. तेच. पुढं काय?"

"पोत्यात हाय."

"कुठल्या?"

"ते तूच बांधलंस."

हितेशदादानं एक सुस्कारा टाकला आणि पहिल्या पोत्याची सुतळी सोडली. त्यात नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. मीही बसले सोडायला. पाचव्या पोत्यापर्यंत जमिनीवर पुस्तकांचा ढीग झाला होता आणि खरंच पाय ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात सुचेता टीचर आल्या, त्या पलीकडच्या गल्लीत क्लास घेतात. मोबाईलची काच फुटली होती.

"पाऊण तास लागेल," हितेशदादा ढिगातून म्हणाला.

"चालेल, बसते." त्या बसल्या. दोन मिनिटांत त्यांचा हात पर्समध्ये गेला आणि रिकामा बाहेर आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्या स्वतःशीच हसल्या. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पायाजवळचं एक पुस्तक उचललं.

"टीचर, द्या, मी वाचते," मी म्हणाले, आणि पहिलं पान वाचून दाखवलं. एका म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. मिटलं, आणि काकांसारखी गप्प बसले.

"अगं, मिटलंस काय? पुढं?"

हितेशदादाचे हात थांबले. त्यानं टीचरांकडे पाहिलं, काउंटरवरच्या त्यांच्या फुटक्या मोबाईलकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा," तो सावकाश म्हणाला, "माझ्याकडे दिवसभर माणसं येतात. आणि एकाच्याही हातात मोबाईल नसतो."

"मंग मी कवाचा काय बोलतंय?" काका म्हणाले. खरं तर ते काहीच बोलले नव्हते.

रद्दीवाला नाथा सहाला तराजू घेऊन आला. हितेशदादानं त्याला जुनी गाइडं आणि जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं दिली, चहा पाजला आणि परत पाठवलं. हत्तीण तोवर सातव्या पोत्यात सापडली होती.

आता दुकान असं आहे. पुढं मोबाईल, मागं तीन भिंती पुस्तकं, मध्ये बसायला एक बाक. चौथी भिंत चार्जर आणि कव्हरांना गेली, आणि पाटीवर "मोबाईल" मोठं नि "पुस्तके" लहान झालंय, ते मला अजून खटकतं. लोक ई-बुक वाचतातच, आमच्या स्वप्नालीवहिनी तर काच बदलायला आल्या की खाकी कागदातलं एक घेऊन जातात आणि घरी गेल्यावर लिंकाही टाकतात. काकांचं ऑपरेशन झालं. सोमवार ते शुक्रवार ते स्वतः वाचतात, शनिवार माझा. हत्तिणीची एकच प्रत आहे, म्हणून ती विकायची नाही असं ठरलंय. बँकेतल्या पेनासारखी ती दोरीनं काउंटरला बांधली आहे, आणि हितेशदादानं आत घातलेली खूण कुणी हलवली तर तो दिवसभर भांडतो.

गेल्या शनिवारी सुचेता टीचर पुन्हा आल्या होत्या. मोबाईलला काय झालं होतं ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. बाकावर बसून त्यांनी पुस्तक उघडलं.

"टीचर, झाला तुमचा मोबाईल," हितेशदादा थोड्या वेळानं म्हणाला.

"ठेव तिथं," त्या वर न बघता म्हणाल्या. "एवढं प्रकरण होऊ दे."

काकांनी खणातून खाकी कागद काढला आणि सावकाश, त्यांना ऐकू जाणार नाही असा, फाडायला घेतला.