आबांच्या नावाचं परमिट

माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर दारूच्या थेंबाला तोंड लावलं नाही. तरीही सरकारदरबारी ते दारूवाचून ज्यांची प्रकृती टिकत नाही असे गृहस्थ होते. तसा कागदच होता, शिक्क्यासकट.

त्याचं असं झालं. त्या काळी राज्यात दारूबंदी होती. बाटली हवी तर परमिट लागायचं, आणि परमिट हवं तर या माणसाला औषध म्हणून दारूची गरज आहे असा डॉक्टरचा दाखला. माझे वडील, भिकाजी, म्हणजे आमचे आबा, खंडाळ्याला विजयकरसाहेबांच्या बंगल्यावर माळी होते, राखणदार होते, पडेल ते सगळं होते. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. साहेबांचं स्वतःचं परमिट होतं, पण मुंबईचे पाहुणे आले की ते पुरायचं नाही. म्हणून त्यांनी एका डॉक्टरांपुढे आबांना उभं केलं आणि दुसरं परमिट आबांच्या नावानं काढलं.

आबा म्हणाले होते, "साहेब, आमी दीक्षा घेतलीया. आमास्नी दारू वर्ज्य हाय."

"अरे, तुला प्यायला कोण सांगतंय?" साहेब हसले. "तू फक्त आणायची."

आबांना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा, कारण साहेबांशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पौर्णिमेला आम्ही वंदनेला आमच्या गावी, टाकव्याला जायचो. पंचशील म्हणताना दारूचं शील आलं की आबांचा आवाज जरा जास्तच चढायचा आणि मागून भावकीतलं कोणीतरी हळूच विचारायचं, "भिकाजी, परमिट आनलंय का संगं?" आबा वळून सांगायचे, "आनायची येगळी आन प्यायची येगळी." माणूस अत्यंत सरळ होता, पण या एका बाबतीत त्यांनी मनाशी तडजोड केली होती आणि तिला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

साहेबांचा एकुलता एक मुलगा राजन. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत त्याला आमच्याकडे पाठवून दिलं जाई. साहेब येत ते शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस तो बंगल्यात झोपायचा, पण जेवायचा आमच्या चुलीपाशी. माझी आई, येसूबाई, त्याला भाकरी कुस्करून दूध घालून द्यायची. बाजारात कोणी विचारलं तर आबा अभिमानानं सांगायचे, "मला दोन लेकरं हायेत." मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा. एका पानावर जेवत मोठे झालो आम्ही.

एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघंही अकरावीची परीक्षा देऊन मोकळे झालो, तो दादरच्या शाळेतून आणि मी लोणावळ्याच्या. त्या वेळी राजन पहिल्यांदाच एकटा आला नाही. बरोबर तीन मित्र होते. त्यांत हेमंत नावाचा एक उंच, गोरा, सतत केस सारखे करणारा मुलगा होता. साहेब शनिवारी येणार होते. पहिले दोन दिवस त्या चौघांनी पत्ते खेळले आणि मी पाणी आणलं. "गोरख, पाणी." "गोरख, बर्फ मिळेल का रे?" राजन म्हणायचा नाही, हेमंत म्हणायचा, पण राजन त्याला थांबवायचाही नाही. मला फार लागत होतं ते. राजनच्या शेजारची जागा माझी होती आणि तिथं दुसरेच बसले होते.

मंगळवारी आम्ही करवंदं काढायला गेलो असताना हेमंत म्हणाला, "तुझ्या वडिलांकडे परमिट आहे म्हणे. एक बाटली आणायला सांग ना. परीक्षा संपलीय, साजरं नको करायला?"

"ते नाही आणणार," मी म्हणालो.

"तू गळ घातलीस तर आणतील. आणि तूही बैस आमच्यात. पाचवा ग्लास तुझा."

राजन करवंदाचा चीक बोटाला लागला होता तो पुसत राहिला. पण माझ्या डोक्यात तो पाचवा ग्लास बसला तो बसलाच. दारूचं मला काही नव्हतं. मला त्या चौघांत पाचवा व्हायचं होतं, एवढंच.

संध्याकाळी आबा मोगऱ्याला पाणी घालत होते. मी विषय काढला. ते एकदम उखडले. "पोरासोरास्नी दारू आनून द्यायची? म्या? डोस्कं फिरलं का तुजं?"

"मग ते घाटाखालून हातभट्टीची आणणार," मी म्हणालो. "हेमंतनं माणूससुद्धा बघून ठेवलाय."

हे साफ खोटं होतं. मी ते जागच्या जागी रचलं. आदल्याच वर्षी घाटाखाली एका लग्नात खराब दारू पिऊन दोन माणसांचे डोळे गेले होते. ती बातमी आबांनी स्वतः आम्हाला सांगितली होती आणि सांगताना त्यांचा आवाज कापत होता. ते मला बरोबर आठवत होतं, म्हणून तर मी हातभट्टीचं नाव घेतलं.

आबांच्या हातातली झारी तशीच राहिली. "राजनबाबा बी जानार?"

"तोच पुढं."

ते पायरीवर बसले. आईनं आतून सगळं ऐकलं होतं. ती दारात येऊन म्हणाली, "पोरगं इख मागाया लागलं, तर थोडं कमी इख आनून देनार व्हय तुमी?"

"येसू, डोळं गेलं तर कोन देनार परत?" आबा म्हणाले. "त्येला आई न्हाई. बाप शनवारी उगवतो. चांगल्या दुकानातली आनतो, म्होरं बसवून चार घोट देतो. मंग तरी घाट उतरायचे न्हाईत."

पुढं नोकरीत असताना भल्याभल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून मी हेच ऐकलं. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्या देखत घेतलेली बरी, म्हणतात. पूर्वी मी तावातावानं भांडायचो. आता नाही भांडत. त्यांच्याही घरात एखादा गोरख असणार, असं मनात येतं.

बुधवारी दुपारी आबा सायकल काढून लोणावळ्याला गेले. दुकानदाराला त्यांनी विचारलं, "सगळ्यात हलकी कंची?" इतकी वर्षं साहेबांची ठरलेली व्हिस्की नेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न ऐकून दुकानदार म्हणाला, "भिकाजी, तब्येत सुधारली वाटतं!" आबांनी बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. हे त्यांनीच आईला सांगितलं, पण सांगताना हसले नाहीत.

चार वाजता, लख्ख उजेडात, व्हरांड्यात बैठक बसली. ही आबांचीच अट होती. आईनं कांदाभजी तळून दिली, पण ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आबा खांबाला टेकून उभे होते. हेमंतनं बाटली बघून तोंड वाकडं केलं, "बिअर? बरं, चालेल." चार ग्लास भरले. राजननं आपला हातात घेतला आणि इकडंतिकडं बघितलं.

"गोरखचा कुठंय?"

माझा मी भज्यांच्या ताटामागं आणून ठेवलाच होता. तो पुढं केला, भरून घेतला आणि राजनच्या शेजारी वेताच्या खुर्चीत बसलो. केवढा आनंद झाला होता मला.

"गोरख," आबा म्हणाले. "ऊठ तितनं."

मी उठलो नाही. मान खाली घालून बसून राहिलो.

"ऊठ म्हनतो ना!"

"आबा, त्याला का नाही?" राजननं विचारलं. वाद घालायचा म्हणून नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं. "आम्हाला तुम्हीच आणून दिलीत. मग त्याला का नाही?"

आबांनी विचार केला नाही. पोटात होतं तेच ओठात आलं.

"कारन त्यो माजा हाय."

राजननं ग्लासातल्या फेसाकडे बघितलं. मग आबांकडे. सतरा वर्षांचा घोडा, पण चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना.

"आणि मी?" तो म्हणाला.

बाजारभर दोन लेकरं म्हणून सांगणारा माणूस तो. त्यांनी खांब सोडला, राजनपाशी आले आणि त्याच्या खुर्चीजवळ खाली जमिनीवर बसले. ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला.

"चुकलं माजं, बाळा," ते म्हणाले. "चांगल्या दुकानातली आनली आन मला वाटलं, म्या माया केली. गोरखनं मागितली असती तर तंगडी मोडली असती त्याची. तुजी का न्हाई मोडली म्या?"

राजनची हनुवटी हलत होती.

आबांनी पाचही ग्लास उचलले आणि व्हरांड्याच्या कडेला क्रोटनच्या कुंडीत एकेक करून ओतले. मग दोन्ही बाटल्या. हेमंत ताडकन उठला. "अहो, ती आमची आहे! तुम्ही कोण ओतणार?"

"त्यांच्या परमिटवरची आहे," राजन म्हणाला. "त्यांना हवं ते करतील."

"मी तुझ्या डॅडींना सांगणार."

"सांगा की," आबा म्हणाले. "न्हाईतर म्याच सांगतो. आनून बी म्याच दिली, तेबी सांगतो."

ते तिघं रागारागानं फिरायला निघून गेले. राजन गेला नाही.

साहेबांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला टांगणीला लावल्यासारखं नको. आई शनिवारपर्यंत नीट जेवली नाही, कारण नोकरी गेली असती तर त्या दोन खोल्याही गेल्या असत्या. शनिवारी आबांनी फाटकातच साहेबांना सगळं सांगितलं आणि परमिट त्यांच्या हातात ठेवलं. साहेब म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस, भिकाजी." आबा म्हणाले, "व्हय साहेब, चुकलं माजं. आन परमिट काढताना तुमी बी माजं ऐकाया पायजे हुतं." साहेबांशी असं बोललेले आबा मी ऐकले ते तेवढेच. नोकरी राहिली, परमिट गेलं. टाकव्याची मंडळी पुढं कितीतरी पौर्णिमा त्याची चौकशी करत होती.

पण मला आठवते ती बुधवारची संध्याकाळ. आम्ही दोघं मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. भज्यांचं ताट जसंच्या तसं परत आलं होतं. आबा चुलीपाशी बसले होते, भिंतीकडे तोंड करून. मला ते सहन होईना. मी सांगून टाकलं, "हातभट्टीचं मी रचलं होतं. कोणी जाणार नव्हतं."

आबा वळले, पण काही बोलायच्या आत आईनं झारा खाली ठेवला आणि सुरुवात केली. आमची आई रागावायला लागली की शेजारच्या बंगल्यातले कुत्रेसुद्धा गप्प बसायचे. माझ्या खोटेपणापासून जी निघाली ती माझ्या जन्मापर्यंत जाऊन आली. मी निमूट ऐकत होतो, सरावलेलाच होतो. आणि मग ती राजनकडे वळली.

राजनला आमच्या घरात कधी कोणी रागावलं नव्हतं. साहेबांचा मुलगा ना तो! त्यानं दूध सांडलं की मी बोलणी खायची, त्यानं कैऱ्या पाडल्या की माझा कान धरला जायचा. अकरा वर्षांत त्याच्या वाट्याला आमच्याकडून फक्त गोड शब्द आले होते.

"आन तू रं?" आई म्हणाली. "लय शाना झाला व्हय? मिसरूड फुटलं न्हाई आन बाटल्या पायजेत! ह्यासाठी भाकऱ्या थापल्या म्या तुज्यासाठी? दोस्त आलं की आमचा गोरख पानी भरनार आन तू पत्तं कुटनार? लाज न्हाई वाटली? खाली बघू नगं, माज्याकडं बघ!"

त्यानं वर बघितलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तो तिच्याकडे बघतच राहिला, पुसायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. आई एकीकडे तोंडानं जाळ काढत होती आणि दुसरीकडे एका ताटलीत त्याच्यासाठी भजी काढत होती.

मी त्याच्या शेजारी सरकलो. आई ऐकणार नाही एवढ्या हळू आवाजात त्याला म्हणालो, "सवय होईल."