वीसची खूण

फ्रीजच्या दारात इन्सुलिनच्या तीन कुप्या होत्या. दोन आईने तिच्या देशातून आणलेल्या, रिकाम्या, पण तिला फेकवत नव्हत्या. तिसरी इथल्या सरकारी दवाखान्यातली, आजच जेवणाआधी उघडलेली. शेजारच्या डब्यात आईच्याच अकरा सिरिंजा.

ताटं वाढून झाली होती, पण जेवणापेक्षा वादच गरम होता.

"आमच्याकडे दुकानात जायचं, पैसे टाकायचे, औषध हातात," आई म्हणाली. "इथे फुकट खरं, पण तीन आठवडे ताटकळत ठेवलं मेल्यांनी."

"आणि खिशात दमडी नसली तर, आई?" जावयाने विचारलं. "इथे निदान दारातून कुणी हाकलत नाही."

"फुकटचं ते! पाणी भरलं असेल कुपीत, जावईबापू. त्या नर्सबाई सिरिंजाही देत होत्या. म्हटलं, माझ्याकडे डबाभर आहेत, कशाला वाया..."

वाक्य अर्धंच राहिलं. चमचा खाली पडला. आईच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ थरथरत होते. अजून एक घासही पोटात गेला नव्हता.

"आई, इंजेक्शन किती घेतलंस?" लेकीने विचारलं.

"नेहमीचंच. वीसच्या खुणेपर्यंत."

लेक फ्रीजकडे धावली. जुन्या कुपीवर लिहिलं होतं, एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. नव्या कुपीवर, शंभर. सिरिंजेवरच्या खुणा चाळीसच्या औषधासाठी होत्या. वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. जुन्या कुपीतून वीस युनिट. या कुपीतून पन्नास.

"अँब्युलन्स बोलव!" ती नवऱ्यावर ओरडली. आईच्या बोटाला टोचून तिने साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा पाहिला. बेचाळीस. सत्तरच्याही खूप खाली. साखर पाण्यात घालताना अर्धी ओट्यावर सांडली.

"पी, आई."

"गोड... मला चालत नाही गं."

"आज चालतं! पी म्हणते ना!"

नवरा फोनवर कुपी आणि सिरिंज वाचून दाखवत होता. "गिळता येतंय तोवर पाजत राहा म्हणतायत. गाडी निघाली."

"गाडीचे किती घेतील?" आई पुटपुटली.

"एक पैसाही नाही."

"मग येणार कधी? तीन आठवड्यांनी?"

हसावं की रडावं, लेकीला कळेना. दुसरा पेला तिने ओठांना लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. सायरन ऐकू आला तेव्हा आईची मान तिच्या खांद्यावर कलली होती.

गाडीतल्या माणसाने शीर शोधली, ग्लुकोज सुरू केलं. लेक गार पडलेला हात चोळत राहिली. दवाखान्याच्या दारात त्याने पुन्हा आईच्या बोटाला टोचलं.

एकशे सहा.