ब्याण्णव रुपयांचा पाइप

"हे ब्याण्णव मी लावणार नाही," वृंदा भिडे म्हणाल्या आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

उन्मेष सरांनी मोबाइलमधून मान वर केली. "मॅडम, बुकमध्ये रेट ब्याण्णवच आहे ना?"

"आहे. चार वर्षांपूर्वी घेतला तेव्हाचा. ज्यांच्यासाठी घेतला त्यांनी ऑर्डर रद्द केली आणि पाइप पडून राहिला. त्या जाडीचा पाइप आपल्या दुसऱ्या कुठल्याच मालाला लागत नाही. ते पैसे गेले, सर. खाटा केल्या तरी गेले, नाही केल्या तरी गेले. आज या ऑर्डरला तो वापरला तर आपलं काय जातं? भंगारवाला किलोला तीस देतो, तेवढं. मग पाइपाचा खर्च तीस."

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या या लोखंडी फर्निचरच्या कारखान्यात वृंदाबाई सव्वीस वर्षं कॉस्टिंग करत होत्या. मालाचा खरा खर्च काढायचा आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. उन्मेष सर मालकांचे भाचे. वर्षापूर्वी मॅनेजर म्हणून आले होते. बदलापूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने दीडशे खाटा मागितल्या होत्या आणि सरांच्या कागदावर त्या ऑर्डरीत एक लाख दहा हजारांचा तोटा दिसत होता. हा तोटा दाखवून खाटांचा विभाग बंद करायचं ठरत होतं. विभागात अकरा माणसं होती.

"आणि पावडर?" सरांनी हसून विचारलं. "ती पण भंगारात काढा."

"नाही. रंगाची पावडर रोज लागते. इथे वापरली की पुन्हा आणावी लागणार. जुना भाव एकशे ऐंशी, आजचा दोनशे तीस. ती मी दोनशे तीसनेच धरली आहे. म्हणजे नऊ हजारांनी खर्च वाढवलाच आहे मी. तरी ऑर्डरीत सदुसष्ट हजार सुटतात."

"मॅडम, ही कॉलेजची थिअरी झाली. ऑडिटरला बुक व्हॅल्यू कळते."

"ऑडिटरला काय दाखवायचं ते वेगळं. इथे ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवायचं आहे."

सरांनी कागद उचलला आणि बाहेर बसलेल्या प्रीतीला हाक मारली. प्रीती वृंदाबाईंच्याच हाताखाली तीन वर्षं शिकत होती. पाइपाचा हिशेब तिला कळत होता. तिने एकदा वृंदाबाईंकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि ब्याण्णवच्या हिशेबावर सही केली.

आठ दिवसांनी खाटांच्या शेडमध्ये सरांनी अकरा जणांना उभं केलं. वृंदाबाई स्टोअरच्या दारात होत्या. "तुमच्या डिपार्टमेंटचा लॉस कंपनी किती दिवस भरणार?" सर म्हणाले. "बाकीच्यांच्या पगारातून तुम्हाला पोसायचं का?" मग एकेकाच्या हातात शेवटच्या पगाराचं पाकीट दिलं. खाटा घासून पावडर मारणाऱ्या सगुणाबाईला तिथे चौदा वर्षं झाली होती. तिने पाकीट घेतलं आणि काहीतरी चोरताना सापडल्यासारखी मान घालून ती बाहेर पडली.

वृंदाबाईंना सगळ्यात जास्त ती खाली गेलेली मान लागली.

पुढच्या बुधवारी स्टोअरकीपर बुधाजी भोईर त्यांच्या टेबलाशी आला. हातात वजनकाट्याची पावती होती. "म्याडम, पाइप गेला. उल्हासनगर कॅम्प पाचचा भंगारवाला टेम्पो घेऊन आलता. तीस बोलला, पन एकोणतीसच दिलं."

वृंदाबाईंनी पावती घेतली आणि दार न वाजवता सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"खाटांना हाच पाइप ब्याण्णवचा होता," त्या म्हणाल्या. "आज एकोणतीसला गेला. तुमच्या हिशेबाने या सौद्यात किलोमागे त्रेसष्ट रुपये बुडाले. आता कुणाला उभं करून पाकीट देणार आहात?"

सरांनी पावतीकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, प्लीज बसा. खरं सांगतो. शेड एका कुरिअरवाल्याला गोडाउनसाठी देतोय. महिन्याचं भाडं फिक्स. मामांना पण पटलंय."

"मग तसा हिशेब मांडायचा होता! खाटा करत बसलो तर भाडं बुडतं, ते खर्चात धरा. कदाचित शेड भाड्याने देणंच फायद्याचं निघालं असतं. मी स्वतः सही केली असती." त्यांचा आवाज बाहेरपर्यंत जात होता आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. "पण तुम्हाला भाडं हवं होतं आणि तोटा त्या अकरा जणांच्या अंगावर ढकललात. चौदा वर्षं राबलेल्या बाईला पोसलं म्हणालात!"

"आता झालं ना. हा विषय बाहेर गेला तर मला ॲक्शन घ्यावी लागेल. तुमच्या रिटायरमेंटला चार वर्षंच राहिलीत."

"साडेतीन," वृंदाबाई म्हणाल्या.

सोमवारी कॉस्टिंगच्या फाइली प्रीतीकडे गेल्या आणि वृंदाबाईंना डिस्पॅचच्या खोलीत टेबल मिळालं. संध्याकाळी प्रीती तिथे आली, उगाच पाणी प्यायली. "मॅडम, घरी मीच कमावते," एवढंच म्हणाली. वृंदाबाईंनी मान हलवली. तिच्यावर रागवायला त्यांच्याकडे राग उरला नव्हता. तो सगळा दुसरीकडे लागला होता.

रविवारी वृंदाबाई शेअर रिक्षाने बुवापाडा या वस्तीत उतरल्या आणि विचारत विचारत सगुणाबाईच्या घरी पोहोचल्या. सगुणाबाई जीन्सचे धागे कापत बसली होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून पोत्याने माल येत होता, नगावर पैसे. बारावीतली मुलगी उन्नती शेजारी कात्री घेऊन बसलेली.

"म्याडम, तुमी इकडं? बसा, बसा." सगुणाबाईने गादीवरचा ढीग बाजूला केला. "पोरीला रोज सांगते मी, आमच्यापायी कंपनीला तोटा झाला. काय करनार? आमचं काम कमी पडलं आसंल."

वृंदाबाईंनी पर्समधून कागद काढला. रात्री हाताने लिहिलेला, सोप्या मराठीत. पाइप, पावडर, मजुरी, खाटांचे मिळणारे पैसे, आणि खाली त्यांची पूर्ण सही. "उन्नती, हे आईला वाचून दाखव."

उन्नतीने वाचलं. पाइपाशी अडली. "पण पाइप तर महाग घेतलेला ना, मॅडम?"

"घेतलेला. पण ते पैसे तुझ्या आईने काम केलं म्हणून गेले नाहीत. आधीच गेले होते."

उन्नती शेवटच्या ओळीपर्यंत आली. "दीडशे खाटांच्या ऑर्डरमध्ये कंपनीला सदुसष्ट हजार रुपये नफा झाला असता. कंपनीने दाखवलेला तोटा खाटांच्या विभागातल्या अकरा जणांमुळे नव्हता."

सगुणाबाईची कात्री थांबली. "आमच्यामुळं नव्हता?"

"नव्हता."

"म्हंजी फुकटचं नाय खाल्लं आमी."

"नाही, सगुणाबाई."

सगुणाबाईने कात्री खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. चेहरा मात्र हळूहळू तापत गेला. मग तिने मांडीवरची जीन्स खाली टाकली, उठून दार सताड उघडलं आणि समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ओ शिवरामभाऊ! बाहेर या. सगल्यांना बोलवा आपल्या."

खाटांच्या शेडमधला वेल्डर शिवराम बनियनवरच बाहेर आला. मागोमाग शेडमधलेच आणखी दोघे आले. सगुणाबाई उंबऱ्यात ताठ उभी राहिली.

"वाच गं," ती मुलीला म्हणाली. "पयल्यापासून. आन् मोठ्यानं."